आकाशातून शेत पाहणारे शास्त्रज्ञ

[पाठ-परिचय : आकाशातून पिके, जंगले आणि पाणी यांची पाहणी करण्याचे तंत्र भारतात रुजवणाऱ्या डॉ. पिशारोटी या शास्त्रज्ञांचे चरित्र या पाठात थोडक्यात दिले आहे. प्रत्येक वयात नव्याने शिकण्याची त्यांची तयारी आणि विज्ञान शेतकऱ्याच्या कामी लावण्याची त्यांची तळमळ या पाठातून दिसून येते.]

शेतकरी रोज सकाळी बांधावर उभा राहून आपले पीक पाहतो. पानांचा रंग, रोपांची उंची, खाचरातले पाणी यांवरून त्याला बरेच काही कळते. बदलापूर आणि अंबरनाथच्या आसपासच्या गावांत भाताची आवणी झाली, की पुढचे तीन-चार महिने घराघरांत पिकाचीच काळजी असते. पण माणसाची नजर किती लांब जाणार? शेतकऱ्याला त्याचे शेत दिसते. साऱ्या जिल्ह्याचे पीक दिसत नाही. शिवाय पिकाला रोग लागला, तर पाने पिवळी पडू लागेपर्यंत तो बहुधा डोळ्यांना कळत नाही.

डोळ्यांना जे दिसत नाही, ते उंचावरून पाहता येईल काय? आपल्या देशात या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी प्रथम शोधले, त्यांत डॉ. पी. आर. पिशारोटी यांचे नाव आदराने घेतले जाते. एखाद्या वस्तूला स्पर्श न करता, दुरूनच तिच्याविषयी माहिती मिळवण्याच्या तंत्राला दूरसंवेदन म्हणतात. डॉ. पिशारोटी यांना भारतीय दूरसंवेदनाचे जनक मानतात.

त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १९०९ रोजी केरळमधील कोल्लेनगोड या गावी झाला. भौतिकशास्त्राचे उच्च शिक्षण घेतल्यानंतर ते शिक्षक झाले. सुमारे दहा वर्षे त्यांनी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले. उन्हाळ्याची सुट्टी लागली, की इतर लोक विश्रांती घेत. पिशारोटी मात्र बंगळूरला जात. तेथे भारतीय विज्ञान संस्थेत नोबेल पारितोषिक मिळवणारे थोर शास्त्रज्ञ सर चंद्रशेखर व्यंकट रामन काम करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत पिशारोटी संशोधन करीत. वर्षभर शिकवणारा शिक्षक सुट्टीत पुन्हा विद्यार्थी होई.

१९४२ साली त्यांनी भारतीय हवामान खात्यात प्रवेश केला. या खात्यापुढचा सर्वांत मोठा प्रश्न मॉन्सूनचा होता. हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. अरबी भाषेतील 'मौसिम' या शब्दावरून तो आला आहे. उर्दूत आपण ज्याला मौसम म्हणतो, तोच हा शब्द. शेकडो वर्षांपूर्वी अरब खलाशी या मोसमी वाऱ्यांच्या आधाराने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत आणि वारे उलटले की परत जात. या वाऱ्यांवर भारतातील शेती अवलंबून होती. पाऊस कधी येईल, कोठे पडेल आणि किती पडेल, हे समजून घेणे म्हणजे कोट्यवधी लोकांच्या भाकरीचा प्रश्न समजून घेणे होते.

या अभ्यासासाठी पिशारोटी अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. नॉर्वेचे नामवंत हवामानशास्त्रज्ञ जेकब बियर्कनेस तेथे शिकवीत असत. त्यांच्या हाताखाली अभ्यास करून पिशारोटी यांनी १९५४ साली डॉक्टरेट मिळवली. तेव्हा त्यांचे वय ४५ वर्षांचे होते. या वयात अनेकांना आपले शिक्षण संपून बरीच वर्षे झाली असे वाटते. पिशारोटी यांना तसे कधी वाटले नाही.

भारतात परतल्यावर त्यांच्या कार्याचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला. १९५९ साली ते मुंबईच्या कुलाबा आणि अलिबाग येथील वेधशाळांचे संचालक झाले. या वेधशाळा पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप करीत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार, असे ठरले तेव्हा त्यांच्या विजेमुळे मोजमाप बिघडेल म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला हलवण्यात आले होते. अचूक मोजमापासाठी माणसांनी किती काळजी घ्यावी, याचे हे उत्तम उदाहरण आहे. पुढे १९६२ साली पुण्यात उष्ण प्रदेशातील हवामानाच्या अभ्यासासाठी एक नवी संस्था सुरू झाली. डॉ. पिशारोटी तिचे पहिले संचालक झाले. आज ती भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

त्याच सुमारास हिंदी महासागराचा अभ्यास करण्यासाठी अनेक देशांची मोहीम निघाली होती. आपल्या पावसातील पाण्याची वाफ कोठून येते, हा त्यातला एक प्रश्न होता. विषुववृत्त ओलांडून किती वाफ येते आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून किती वाफ आत जाते, याचा हिशेब डॉ. पिशारोटी यांनी मांडला. किनाऱ्यावरून आत जाणारी वाफ त्यांना बरीच जास्त आढळली. म्हणजे उरलेली वाफ वाटेत अरबी समुद्रावरच तयार झाली असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १९६५ साली मांडला. पुढे काही शास्त्रज्ञांनी वेगळी आकडेमोड करून विषुववृत्तापलीकडून येणाऱ्या वाफेचा वाटा अधिक असल्याचे दाखवले. विज्ञानात असेच घडते. एकाने केलेला हिशेब दुसरा तपासतो आणि ज्ञान पुढे जाते.

१९६७ साली डॉ. पिशारोटी हवामान खात्यातून निवृत्त झाले. आता त्यांनी आराम करावा, असे कोणीही म्हटले असते. परंतु अवकाश संशोधनाचा पाया घालणारे डॉ. विक्रम साराभाई यांनी त्यांना अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत बोलावून घेतले. अवकाश विज्ञानाचा उपयोग सामान्य माणसाचे जीवन सुधारण्यासाठी झाला पाहिजे, असा साराभाईंचा आग्रह होता.

तो काळ कसा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन वर्षी देशात दुष्काळ पडला होता. अमेरिकेतून जहाजे भरभरून गहू आणावा लागला होता. अशा वेळी देशात यंदा धान्य किती पिकेल, कोठे कमी पडेल, हे आधी समजले तर सरकारला वेळेवर तयारी करता येते. ते उशिरा समजले तर गरिबाची चूल विझते. आकाशातून पिकांची पाहणी करण्याची गरज या परिस्थितीतून निर्माण झाली होती.

पण सुरुवात कोठून करावी? डॉ. पिशारोटी यांनी आपल्या जन्मभूमीतील नारळाचे झाड निवडले. केरळमध्ये नारळाच्या झाडांना मूळकुजव्या मर रोगाने ग्रासले होते. हा रोग १८८२ च्या मोठ्या पुरानंतर प्रथम लक्षात आला असे सांगतात. रोग लागलेले झाड लगेच मरत नाही. त्याच्या झावळ्या ढिल्या पडून आत वाकतात, पाने पिवळी होतात आणि नारळ वर्षावर्षाने कमी होत जातात. ज्या कुटुंबाचा संसार दहा-वीस झाडांवर चालतो, त्याच्यासाठी ही हळूहळू येणारी उपासमारच होती. रोग किती पसरला आहे हे पाहायचे, तर गावोगावी हिंडून एकेक झाड तपासावे लागे. नारळाचा शेंडा असतो उंच. खालून पाहणाऱ्याला तो नीट दिसत नाही. वरून पाहणाऱ्याला मात्र शेंडाच आधी दिसतो.

येथे पानांचा एक गुणधर्म उपयोगी पडला. सूर्यप्रकाशात आपल्याला दिसणाऱ्या सात रंगांखेरीज न दिसणारे किरणही असतात. तांबड्या रंगाच्या पलीकडच्या अशा किरणांना अवरक्त किरण म्हणतात. निरोगी पान आपले अन्न तयार करण्यासाठी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त किरण मात्र मोठ्या प्रमाणात परत फेकते. पान आजारी पडले, की त्याच्या आतील रचना बिघडते आणि परत फिरणारे अवरक्त किरण कमी होतात. आपल्या डोळ्यांना पान अजून हिरवेच दिसत असते, तेव्हाही हा फरक कधी कधी पडू लागलेला असतो. अवरक्त किरण टिपणारी खास फिल्म कॅमेऱ्यात घातली, तर निरोगी झाडे फोटोत लालभडक दिसतात आणि रोगट झाडे फिकट दिसतात. आपल्याकडे हिरवा रंग आरोग्याचा; या फोटोत मात्र लाल रंग आरोग्याचा!

१९७० साली हा प्रयोग करण्यात आला. अवरक्त फिल्म घातलेले कॅमेरे हेलिकॉप्टरमध्ये बसवून केरळच्या नारळबागांवरून फोटो घेतले गेले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञही या कामात होते. फोटोंमध्ये निरोगी आणि रोगट झाडे वेगवेगळी ओळखता आली. भारतातील दूरसंवेदनाचा हा पहिला महत्त्वाचा प्रयोग ठरला. त्याच वर्षी भारत सरकारने डॉ. पिशारोटी यांना 'पद्मश्री' देऊन गौरवले.

या प्रयोगाने नारळाचा रोग बरा झाला का? नाही. या रोगावर अजूनही औषध नाही. फार बिघडलेली झाडे काढून टाकणे, बाकीच्यांना योग्य खत देणे आणि रोगाला तोंड देऊ शकणाऱ्या जाती लावणे, हेच उपाय केले जातात. पण ते कोठे करायचे, हे समजण्यासाठी रोग कोठवर पोहोचला आहे ते आधी कळावे लागते. वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो. डॉ. पिशारोटी यांनी साऱ्या प्रदेशाची नाडी एकाच वेळी पाहण्याची रीत दाखवून दिली.

हेलिकॉप्टर जे काम काही शेकडो मीटरवरून करते, तेच काम उपग्रह शेकडो किलोमीटरवरून करू शकतो. १९७२ साली अमेरिकेने पृथ्वीची पाहणी करणारा लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. त्याच वर्षी अहमदाबादला अवकाश उपयोग केंद्र स्थापन झाले. तेथील दूरसंवेदन आणि उपग्रहीय हवामान विभागाची जबाबदारी डॉ. पिशारोटी यांनी सांभाळली आणि तरुण शास्त्रज्ञांची एक पिढी तयार केली. १९७९ आणि १९८१ साली 'भास्कर' नावाचे दोन भारतीय उपग्रह प्रयोगासाठी सोडण्यात आले. १७ मार्च १९८८ रोजी 'आय.आर.एस.–१ए' हा उपग्रह बैकानूर येथून अवकाशात गेला. सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून फिरत तो दर २२ दिवसांनी त्याच जागेचा फोटो पुन्हा घेत असे. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र राज्याचे सुदूर संवेदन केंद्र सुरू झाले.

उपग्रहातील यंत्रे आता फिल्मवर फोटो घेत नाहीत. ती परत आलेल्या किरणांचे आकडे पाठवतात. समजा, एका शेतातून १०० पैकी ५ भाग तांबडा प्रकाश आणि ४५ भाग अवरक्त किरण परत आले. दोहोंतील फरक ४० आणि बेरीज ५०. फरकाला बेरजेने भागले, की ०.८ हे उत्तर येते. हे पीक जोमदार आहे. दुसऱ्या शेतातून तांबडा प्रकाश १५ आणि अवरक्त किरण ३० भाग आले. येथे फरक १५, बेरीज ४५ आणि उत्तर सुमारे ०.३३ येते. हे पीक विरळ किंवा अशक्त आहे. या आकड्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. पाचवी-सहावीतील वजाबाकी, बेरीज आणि भागाकार एवढ्यावर देशाच्या पिकांची तब्येत मोजता येते, ही केवढी गंमत आहे!

या आकड्यांचे मोल शेतकऱ्याला फार मोठे आहे. आपल्या राज्यात पीक किती आले हे पैसेवारीने ठरवण्याची जुनी पद्धत आहे. गावाची पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी आली, तर पीक बुडाले असे मानतात. आधी नजरेने अंदाज घेतात आणि नंतर काही निवडक शेतांत पीक कापून, मळून, वजन करतात. नजरेचा अंदाज चुकला तर ज्याचे शेत खरोखर वाळले आहे, त्याला मदत मिळण्याची पंचाईत होते. दुष्काळ ठरवण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली जी नियमावली केली, तिच्यात पावसाबरोबर उपग्रहाने मोजलेल्या वनस्पती निर्देशांकाचाही विचार केला आहे. देशातील मुख्य पिकांचा अंदाज आधीच बांधण्यासाठी दिल्लीत २०१२ पासून महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र काम करीत आहे.

मात्र उपग्रहाला सर्व काही कळते, असे समजू नये. आपल्या उल्हास नदीचेच उदाहरण घ्या. नदीच्या पाण्यावर जलपर्णी पसरते. अवरक्त फोटोत ती चांगल्या भातपिकाइतकीच लाल दिसू शकते. ते पीक आहे की तण, हे कोणीतरी तेथे जाऊन पाहावेच लागते. म्हणून शास्त्रज्ञ वही आणि नकाशा घेऊन शेतात उतरतात, शेतकऱ्याशी बोलतात आणि फोटोतील खूण जमिनीशी ताडून पाहतात. दुसरी अडचण ढगांची. बदलापूरच्या खाचरांत भात वाढत असतो, तेव्हा आकाश कित्येक दिवस ढगांनी झाकलेले असते. साधा कॅमेरा ढगापलीकडे पाहू शकत नाही. यासाठी रडार वापरतात. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. असे रडार असलेला 'रिसॅट–१' हा उपग्रह भारताने २०१२ साली सोडला. भातशेतीच्या पाहणीसाठी त्याचा चांगला उपयोग झाला.

वय वाढले तरी डॉ. पिशारोटी यांचा अभ्यास थांबला नाही. १९८९ साली जागतिक हवामान संघटनेने त्यांना आपला सर्वोच्च पुरस्कार दिला. उतारवयात त्यांनी पावसाच्या पाण्याकडे लोकांचे लक्ष वेधले. वर्षात ८७६० तास असतात. पण भारतातील बहुतेक पाऊस त्यांपैकी सुमारे १०० तासांतच पडून जातो, हे ते सांगत. म्हणून पाऊस पडेल तेथेच तळी, विहिरी आणि लहान बंधारे यांत तो साठवला पाहिजे, असे त्यांचे मत होते. ही गोष्ट आपल्या भागाला तर तंतोतंत लागू पडते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला एवढा पूर आला, की बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. काही तासांत पूर आणणारा पाऊस साठवला नाही, तर तो नदीवाटे समुद्राला मिळतो आणि उन्हाळ्यात त्याचीच आठवण येते.

२४ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, डॉ. पिशारोटी यांचे निधन झाले.

त्यांच्या जीवनाकडे पाहिले, म्हणजे एक गोष्ट ठळकपणे जाणवते. शिक्षक असताना ते रामन यांचे विद्यार्थी झाले. चाळिशी ओलांडल्यावर ते परदेशी विद्यापीठात विद्यार्थी झाले. निवृत्तीनंतर, ५८ व्या वर्षी, त्यांनी एका नव्या शास्त्राची पहिली पायरी चढली. आज आकाशातून उपग्रह फिरत असतात आणि खाली शेतकरी बांधावर उभा राहून पीक पाहत असतो. दोघांच्या नजरा एकत्र आल्या, तरच पिकाची खरी हकीकत कळते. या दोन नजरा जोडण्याचे काम ज्यांनी आरंभले, त्या डॉ. पिशारोटी यांचे आपण ऋणी राहिले पाहिजे.

शब्दार्थ

खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
आवणी – भाताची रोपे उपटून दुसरीकडे लावणे
उपग्रह – पृथ्वीभोवती फिरणारे यंत्र. उर्दूत मस्नूई सय्यारा
वेधशाळा – हवामान, ग्रह-तारे इत्यादींचे निरीक्षण करण्याची जागा, उर्दूत रसदगाह
झावळी – नारळाच्या झाडाचे लांब पान
जोमदार – जोराने वाढलेले
तण – पिकात किंवा पाण्यात आपोआप उगवणारी नको असलेली वनस्पती
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
नाडी पाहणे – रोग ओळखण्यासाठी मनगटाची शीर तपासणे. उर्दूत नब्ज देखना
ऋणी – उपकारांची जाणीव ठेवणारा, उर्दूत एहसानमंद

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉ. पिशारोटी यांचा जन्म कोठे झाला?
(आ) 'मॉन्सून' हा शब्द कोणत्या शब्दावरून आला?
(इ) अवरक्त फोटोत निरोगी झाडे कोणत्या रंगाची दिसतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) चुंबकत्वाच्या मोजमापाचे काम मुंबईहून अलिबागला हलवण्यात आले.
(आ) भातपिकाच्या पाहणीसाठी रडारचा उपयोग करतात.
(इ) उपग्रहाचा फोटो मिळाला तरी शास्त्रज्ञांना शेतात जावे लागते.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नारळाच्या रोगाची पाहणी आकाशातून कशी करण्यात आली?
(आ) डॉ. पिशारोटी पुन्हा पुन्हा विद्यार्थी कसे झाले?

प्र. ४. एका शेतातून १०० पैकी १० भाग तांबडा प्रकाश आणि ४० भाग अवरक्त किरण परत आले. त्या शेताचा वनस्पती निर्देशांक काढा.

उपक्रम : तुमच्या घरच्या किंवा शाळेच्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी कोठे जाते, ते पाहा. ते साठवता येईल का, याची वर्गात चर्चा करा.